पलूचा डावा डोळा

मला पलूचा एक चांगला डावा डोळा पाहिजे होता. एकच. फोनमधले सहा-सातशे फोटो मी दोनदा खालीवर केले, तरी तो मिळत नव्हता.

पलू म्हणजे उत्पला, माझी मुलगी. एप्रिल संपत आला होता आणि एकोणीस मेला ती वर्षाची होणार होती. वाढदिवसाला माझ्या सासूबाईंनी, गिरिजाबाईंनी, एकच गोष्ट मागितली होती. आजोबांच्या मांडीवर नात बसलेली आहे असा फोटो, चांगल्या फ्रेममध्ये, समोरच्या खोलीत बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींच्या जरा खाली लावायला. आजोबा, म्हणजे माझे सासरे तातेराव, पलू जन्मायच्या पाच महिने आधी गेले. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंच नाही. तो फोटो काढता येणार नव्हता, जोडावा लागणार होता, आणि जोडायचं काम मी शिकत होते.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या बोळीत ‘नूर फोटो’ आहे. खाली झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, वर एक खोली, तिथे कॉम्प्युटर. महजबीन आपा तो चालवतात. त्यांचे वडील निजामोद्दीन चाचा सत्तरीचे आहेत. आता ते काउंटरवर नुसते बसतात, पण बाहेर जाणारा प्रत्येक प्रिंट आधी त्यांच्या हातात जातो. जानेवारीपासून मी रोज बारा ते तीन तिथं जात होते, पलूच्या झोपेच्या वेळात. बी.कॉम. होऊन चार वर्षं घरी होते, काहीतरी हातात पाहिजे होतं.

शिकायला गेले खरी, पण जीव घरी. दर अर्ध्या तासाला सासूबाईंना फोन. उठली का, दूध घेतलं का, पाळण्याची दोरी गळ्याजवळ तर नाही ना. आपा एकदा म्हणाल्या, "तुझी सास दिवसभर तुझे फोनच उचलती का, बच्चीला उचलायला हात रिकामा राहतो का तिचा?" मी हसले आणि वीस मिनिटांनी परत फोन लावला.

आपांनी पहिल्या आठवड्यात मला डोळे बदलायला शिकवलं. लग्नाच्या ग्रुप फोटोत पंधरा माणसं उभी असली की दोघांचे डोळे मिटलेले निघतातच. मग त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतून उघडे डोळे कापून आणायचे, जागेवर बसवायचे, कडा मऊ करायच्या. दुसऱ्या आठवड्यात कोट. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर नुसत्या कोटांचा आहे. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन लोक येतात आणि म्हणतात, जरा कोट घाला. मान संपते तिथं कोट बसवायचा. सासऱ्यांना कोट घालू का, असं मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "जित्तेपणी कधी घातला न्हाई. आता कशाला गरम करता त्यायला."

आपांचे नियम दोनच होते. पहिला, दोन फोटो जोडायच्या आधी उजेड बघायचा. एकाच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि दुसऱ्याच्या उजवीकडून असला तर कितीही सफाईनं जोडा, बघणाऱ्याला खटकतंच. उजेड कुठून आला हे डोळ्यांत दिसतं. फोटो चारशे टक्के मोठा करायचा आणि बाहुलीवर पडलेला चमकता ठिपका शोधायचा. दुसरा नियम, मूळ फोटोला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरमध्ये फोटोवर काचेसारखा एक थर टाकता येतो, त्याला लेयर म्हणतात. जे काय चिकटवायचं, पुसायचं, रंगवायचं ते त्या वरच्या थरावर. खालचा अस्सल तसाच राहतो. वरचा थर झाकला की खालचं जसंच्या तसं.

पहिला नियम मी लगेच पाठ केला. दुसरा शिकायला वेळ लागला, आणि तोवर मी बरंच काही बिघडवून ठेवलं होतं.

तर त्या दिवशी मी पलूचा मार्चमधला फोटो उघडला. राजानंदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मांडीवर ती बसली आहे, जरा बाजूला बघते आहे. आमची समोरची खोली अंधारी, बोळीकडे एकच खिडकी, म्हणून फ्लॅश लावून काढलेला. मी डोळे मोठे केले. उजव्या डोळ्यात काळ्या बाहुलीवर बारीक ठिपका. डाव्या डोळ्यात अख्खी बाहुलीच पांढरी. पिवळट पांढरी, अंधारात मांजरीचा डोळा चमकावा तशी.

हे मी पहिल्यांदा पाहत नव्हते. फेब्रुवारीत आपांनी मला सरावासाठी पलूचे महिन्याला एक असे फोटो एका कागदावर जोडायला लावले होते. तेव्हाही दोन-तीन फोटोंत डावा डोळा असाच होता. मी विचारलं तर आपा म्हणाल्या, "फ्लॅशनं होतं गं. कधी लाल येतं, कधी पांढरं येतं." आणि त्यांनी युक्ती दाखवली. चांगला डोळा कापायचा, आरशासारखा उलटा करायचा आणि खराब डोळ्यावर बसवायचा. माझा हात त्यात इतका बसला की मी घरी फोनवरही तेच करत राहिले. चार मिनिटांत एक डोळा. दुरुस्त केलेला फोटो ठेवायचा आणि मूळ उडवायचा, कारण फोनमध्ये जागा नसायची. माझी पोरगी फोटोत छान दिसावी, एवढंच होतं त्यात.

मार्चच्या फोटोलाही मी तेच केलं. उजवा डोळा उलटा करून डावीकडे लावला, पलूला सासऱ्यांच्या मांडीवर बसवलं, त्यांचा हात तिच्या पोटावर आणला, धोतरावर तिची सावली टाकली. छोटा प्रिंट काढला आणि चाचांकडे घेऊन गेले. मनात म्हटलं, आज शाबासकी मिळेल.

चाचांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हात अच्छा है. सावली पण बराबर. पण ही बच्ची दोन तरफ बघून राह्यली, बेटा. एका डोळ्यात उजाला इकडून, एकात तिकडून."

खरंच तसं होतं. उलटा केलेला डोळा उलटीकडेच बघत होता. ठिपकाही उलट्या बाजूला. माझी पलू तिरळी दिसत होती आणि मला ते दिसलं नव्हतं. चाचा म्हणाले, उलटा डोळा कधी लावायचा नाही. त्याच मुलीचा डावा डोळा दुसऱ्या फोटोतून आण, फ्लॅशचाच आण, म्हणजे उजेड जुळेल.

म्हणून मी तिचा डावा डोळा शोधत होते.

खिडकीच्या उजेडात, गच्चीवर, अंगणात काढलेल्या फोटोंत दोन्ही डोळे सारखे, काळेभोर. पण ते चालणार नव्हते, उजेड जुळत नव्हता. फ्लॅशच्या जुन्या फोटोंत तिचा चेहराच लहान, वेगळा, म्हणून मार्चपासूनचे मी एकेक करून मोठे केले. मार्च, पांढरा. एप्रिलमध्ये पाच फोटो, पाचही पांढरे. एकात ती समोर बघते, एकात वर, एकात माझ्याकडे. दर वेळी डावाच. उजवा एकदाही नाही. फ्लॅशला काय माहीत डावा कुठला आणि उजवा कुठला.

हे मनात आलं आणि माउसवरचा हात थांबला. मी आपांना न सांगता जिना उतरले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की चप्पल आपांची घातली आहे.

घरी पलू जागी होती. सासूबाईंच्या समोर बसून स्टीलच्या वाट्या एकमेकींवर आपटत होती. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीकडे वळवला. डोळा स्वच्छ, काळा. मला बघून हसली. मी फोनची बत्ती लावली तर तिनं डोळे गच्च मिटले आणि रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, काय लावलं आल्या आल्या, पाणी तरी पी. मी त्यांना सांगितलं. त्यांनी पलूला उचलून उजेडात धरलं, इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाल्या की पांढरं बिंढरं काही नाही, मोबाईलचा दोष असेल. मग म्हणाल्या, "तुला काही ना काही लागतंच, पायल."

त्या वाईट बोलल्या नव्हत्या. खरंच बोलल्या होत्या. पलू चार महिन्यांची असताना झोपेत तिचा श्वास मध्येच थांबतो असं मला वाटलं होतं. राजानंदनं रोलिंग मिलमधून सुट्टी काढली, आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. लहान बाळं असाच श्वास घेतात, असं ते म्हणाले. सातव्या महिन्यात तिचं डोकं मोठं वाटायला लागलं. मी रोज टेपनं मोजून वहीत लिहीत होते. परत सुट्टी, परत तेच डॉक्टर. त्यांनी वही पाहिली, माप तक्त्याशी लावून बघितलं, सगळं बरोबर होतं. निघताना राजानंदला हसत म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, बाळाच्या आईला जरा झोप लागेल असं बघा. त्या हसण्याची आठवण झाली की अजून माझे कान तापतात.

म्हणून त्या दिवशी मी राजानंदला काही बोलले नाही. तो पाच वाजता आला, आंघोळ केली, पलूला खांद्यावर घेऊन बोळीत फिरवून आणली. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्य ‘परत’पाशी येऊन थांबायचं. परत सुट्टी. परत डॉक्टर. परत माझं काहीतरी. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी नूर फोटोमध्ये मी एका नवरीच्या कपाळावर दोन बिंद्या लावल्या. आपांनी ते पाहिलं. फोटो बंद करून त्या म्हणाल्या, काय झालंय ते सांग, नाहीतर घरी जा.

मी सांगितलं. आपा हळूच म्हणाल्या, "फ्लॅशनं होतं असं मीच सांगितलं होतं ना तुला." मी नाही म्हटलं, हो म्हटलं, काय म्हटलं आठवत नाही. त्यांनी विचारलं की तिला त्या डोळ्यानं दिसतं का. आणि मला कळलं की तीन दिवस मी फोटोच बघत बसले होते. पोरीला विचारलंच नव्हतं.

अकरा महिन्यांच्या मुलीला कसं विचारायचं, हे रिक्षात बसून मी ठरवलं.

रविवार होता म्हणून राजानंद घरीच होता, जेवून आडवा झालेला. मी पलूला मांडीवर घेतलं आणि तिच्यासमोर एक चकचकीत चमचा धरला. दुसऱ्या तळहातानं तिचा डावा डोळा झाकला. तिनं हात पुढे करून चमचा घेतला. मी तो काढून घेतला, उजवा डोळा झाकला. तिनं मान झटकली. माझा हात ढकलला. मी परत झाकला, ती चिडली, कण्हली, दोन्ही हातांनी माझी बोटं ओढायला लागली. चमच्याकडे हात गेलाच नाही. डावा झाकला, चमचा घेतला, हसली. उजवा झाकला, रडली.

राजानंद उठून बसला. म्हणाला, कशाला त्रास देऊन राह्यली तिला. मी परत केलं. डावा, उजवा. सहाव्या वेळी तो पलंगावरून खाली आला, समोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "माझ्याकडे दे." त्याचा हात मोठा, मिलमधला, खरखरीत. त्यानं तो अगदी हळू तिच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. दुसऱ्या हातानं चमचा हलवला, मग खुळखुळा, मग स्वतःचं तोंड पुढे आणून जीभ काढली. ती त्याच्या हाताशी झगडत राहिली. तोंड तिच्यासमोर वीतभर अंतरावर होतं. ती त्याला शोधत होती.

त्यानं हात काढला. पलूनं त्याला पाहिलं आणि लगेच त्याच्या मिशा धरल्या.

"उद्या सुट्टी टाकतो," तो म्हणाला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि तेच मला सहन झालं नाही. त्यांनी परत म्हणायला पाहिजे होतं की तुला काही ना काही लागतंच.

डोळ्यांच्या डॉक्टर प्रीती मॅडम माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी पलूच्या डोळ्यांत थेंब टाकले. दहा मिनिटांनी परत, परत दहा मिनिटांनी. बाहुल्या मोठ्या व्हायला तासभर लागला. मग तिला चादरीत गुंडाळलं, राजानंदनं डोकं धरलं, मी पाय. खोलीत अंधार केला. मॅडमनी कपाळावरचा दिवा लावला, हातात भिंग धरलं. उजवा डोळा त्यांनी बघितला तेव्हा त्या पलूशी बोलत होत्या, झालं बाळा, संपलं बाळा. डाव्या डोळ्याला त्यांचं बोलणं थांबलं. पलू एवढी ओरडत होती, तरी ती शांतता मला ऐकू आली.

मग डोळ्याची सोनोग्राफी केली. मग आम्हाला खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या सरळ बोलल्या, आणि त्याबद्दल मी अजून त्यांची आभारी आहे. मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर गाठ आहे. लहान मुलांना होते अशी. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला आणि लगेच पुढे सांगितलं की यात उपचार आहेत, बहुतेक मुलं वाचतात, पण आता वेळ घालवायचा नाही. हैदराबादला जायचं. चिठ्ठी त्या देतील, फोनही करतील.

मग त्यांनी विचारलं, हे पांढरं केव्हापासून दिसतं. कितीतरी आयांच्या नजरेत हे फोटोतच येतं, त्या म्हणाल्या. जुने फोटो असतील तर तारखेवार द्या, किती झपाट्यानं वाढलंय याचा तिकडच्या डॉक्टरांना अंदाज येईल.

मी फोन काढला. फेब्रुवारीच्या आधीचे फ्लॅशचे फोटो उघडले. सगळे छान. सगळ्यांत दोन्ही डोळे काळे. राजानंद म्हणाला, बघा मॅडम, तेव्हा नव्हतं. मॅडम स्क्रीनवर वाकल्या.

"ते खोटे आहेत," मी म्हटलं. "मी पुसलंय. मीच पुसत होते."

राजानंदनं माझ्याकडे बघितलं. मॅडमना आधी समजलंच नाही, मला दोनदा सांगावं लागलं. डोळा कसा कापायचा, कसा उलटा करायचा, कुठे ठेवायचा. चार मिनिटांत एक. किती फोटोंचे बदलले, तेही आठवत नव्हतं. मॅडमनी विचारलं, मूळ फोटो कुठेच नाहीत का. मी नाही म्हटलं. आणि हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना मला तो सरावाचा कागद आठवला.

नूर फोटोमध्ये पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. पलू राजानंदच्या खांद्यावर दमून झोपली होती, थेंबांमुळे बाहुल्या इतक्या मोठ्या झालेल्या की झोपण्याआधी तिला कशाचाच उजेड सोसत नव्हता. आपांनी काही न विचारता खुर्ची रिकामी केली. चाचा जिना चढून वर आले, त्यांचे गुडघे दुखतात, ते कधी वर येत नाहीत. मी फाईल उघडली. महिन्याला एक, नऊ फोटो, एका कागदावर. आपांनी समोर बसून करून घेतली होती, म्हणून सगळं नियमानं, लेयरवर. माझे सगळे उलटे डोळे वरच्या थरांवर होते. खाली अस्सल फोटो होते.

मी एकेक थर झाकत गेले.

जून ते ऑगस्ट साफ. सप्टेंबर, साडेतीन महिन्यांच्या लसीच्या दिवशी. काही लावलेलंच नव्हतं. दोन्ही डोळे साफ. ऑक्टोबर, विहारात पांढऱ्या झबल्यात, साफ. नोव्हेंबर साफ. डिसेंबरच्या फोटोवर मी छोटा तुकडा लावला होता. तो झाकला. बाहुलीच्या कडेला पांढरी कोर, नखाच्या टोकाएवढी. जानेवारी, तीच कोर, जरा जाड. फेब्रुवारी, नऊ महिन्यांच्या लसीचा दिवस, अर्धी बाहुली. पुढे मार्च आणि एप्रिल माझ्या फोनमध्ये होतेच.

डिसेंबरची कोर मी दुरुस्त केली तेव्हा काय विचार करत होते, हे मी आठवायचा प्रयत्न केला. पलूच्या झोपेचा. चारशे टक्के मोठा करून, जीभ दातांत धरून, मी त्या कोरीच्या कडेनं रेघ फिरवली होती. इतक्या जवळून तिच्या डोळ्यात दुसऱ्या कुणीच बघितलं नव्हतं.

आपांनी सगळे फोटो तारखा टाकून एका फाईलमध्ये घातले आणि प्रीती मॅडमना पाठवले. पाच-सात मिनिटांत फोन आला. मॅडम म्हणाल्या की हे फार उपयोगी आहे, मी पुढे पाठवते, तुम्ही आजच निघा. फोन ठेवल्यावर मी खाली बसले, तिथंच, वायरींच्या पसाऱ्यात. राजानंद माझ्याशेजारी बसला. मला वाटलं आता तो ते बोलेल, जे मी स्वतःला बोलत होते. तो म्हणाला, "मला तर ह्यातला एकबी फोटो मोठा करून बघावं वाटलं न्हाई." चाचांनी पलूच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. मग मला म्हणाले, चाळीस साल मी लोकांच्या फोटोतले दाग काढले, बेटा. कधी विचारलं नाही की हा दाग आहे का दुसरं काही.

पलूचा पहिला वाढदिवस हैदराबादला झाला, दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात. तिला बेशुद्ध करून डोळे तपासले होते. मोठ्या डॉक्टरांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं, उजवा डोळा साफ आहे. दुसरं, गाठ डोळ्याच्या बाहेर गेलेली नाही, जिवाचा धोका टळेल असं आम्ही धरून चाललोय. तिसरं वाक्य त्यांनी हळू सांगितलं. डावा डोळा काढावा लागू नये म्हणून प्रयत्न करू, पण त्याला नजर किती राहील हे आज सांगता येणार नाही. डिसेंबरमध्ये आलो असतो तर, हे मी विचारलं. दुभाषी म्हणून बसलेल्या नर्सनं डॉक्टरांना ते सांगितलंच नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "आता आलात ना."

आता सहापैकी चार वेळा सलाईनमधून औषध देऊन झालं आहे. पलूचे केस गेले, भुवया गेल्या. ती चालायला लागली आहे आणि डावीकडच्या गोष्टींवर आदळते. म्हणून घरातली मोरीकडची बादली, शिलाईचं मशीन, सासूबाईंची खुर्ची, सगळं उजवीकडे गेलं आहे. सासूबाई आता स्वतःच मला वहीत लिहायला लावतात. ताप किती, दूध किती. फ्रेमची गोष्ट त्यांनी काढली नव्हती. मागच्या महिन्यात काढली. म्हणाल्या, पोरीचा आत्ताचा फोटो घे. केस नसलेला. त्यायचंबी टक्कलच होतं, जोडी जमते. आम्ही दोघी हसलो आणि मग बराच वेळ दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

तो फोटो मी गच्चीवर काढला, सकाळी, उजेड सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जिकडून आहे तिकडूनच येईल असा. जोडून प्रिंट काढला, चाचांनी भिंग लावून बघितला आणि नुसती मान डोलावली. तो आता भिंतीवर आहे.

पण महिन्यातून एकदा मी दुसराही एक फोटो काढते. समोरच्या अंधाऱ्या खोलीत, फ्लॅश लावून. पलूला आता सवय झाली आहे, ती डोळे मिटत नाही. मग मी भिंतीला टेकून बसते आणि फोटो मोठा करते. पहिल्यांदा उजवा. बाहुलीत मंद लालसर उजेड असतो. असाच पाहिजे, मॅडमनी सांगितलंय. लाल म्हणजे आतला पडदा बरा. नूर फोटोमध्ये लहान मुलांचे लाल डोळे एका क्लिकमध्ये काळे करता येतात. मी करते, पण आधी दोन्ही लाल आहेत ना ते बघून.

मग डावा. जूनमध्ये अख्खा पांढरा होता. जुलैत खालून थोडी जागा सुटली. काल काढलेल्या फोटोत अर्ध्याहून कमी आहे, फेब्रुवारीत होता साधारण तसा. मी दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून मोजते, बोटानं, स्क्रीनवर. राजानंद विचारतो किती, मी सांगते. तो परत विचारतो, मी परत मोजते.

ह्या फोटोंना मी हात लावत नाही.